झुलीखाचा हातोडा

झुलीखा माझ्या समोरच्या घरातली. मी तिला शाळेत भूगोल शिकवला. आमचं गाव तियारेत शहराच्या बाजूला, चहूकडं गहू आणि मधोमध फुटबॉलचं एकच मैदान. सोळाव्या वर्षीच तिचे खांदे थोरल्या भावापेक्षा रुंद झाले होते. शेजारणी तिच्या आईला, खैराला, टोमणे मारत, एवढ्या मोठ्या पोरीला घरात घेणारी सासू कुठं मिळायची? खैरा शांतपणे म्हणायची, "दार लहान पडलं तर सासूनं भिंत पाडावी."

झुलीखा हातोडाफेक करायची. तारेच्या टोकाला चार किलोचा लोखंडी गोळा, गरगर फिरून तो भिरकावायचा. मैदानावर तिला मज्जाव होता. क्लबचे प्रमुख हाज कद्दूर म्हणत, गोळ्यानं हिरवळीत खड्डे पडतात, मुलांचे पाय मुरगळतात. म्हणून ती कापणी झालेल्या रानात फेकायची आणि गोळा दर वेळी ढेकळांतून उकरून काढायची.

त्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्राकाठच्या देशांच्या स्पर्धा ओरानला भरल्या. क्लबची बस निघाली, पण झुलीखाला जागा नव्हती. मागच्या बाकावर ढोल ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिले. खैरानं मला हाक मारली आणि आम्ही तिघी दुसऱ्या बसनं गेलो.

पावात घातलेली गरम कारांतिका, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली वडी, हातात घेऊन आम्ही वरच्या रांगेत बसलो. झुलीखाचा पाव तसाच राहिला. हातोडे कुठं पडतात ते बघत ती म्हणाली, "बाई, इथंही हिरवळच आहे. खड्डे पडताहेत आणि माणसं ते बुजवताहेत. एवढंच तर करायचं होतं."

आमच्याच देशाची एक थोराड खेळाडू वर्तुळात आली. तिचे पहिले दोन्ही हातोडे जाळीत गेले. मागं बसलेले तरुण हसले. एकजण म्हणाला, बैल सुटलाय. झुलीखा उठून त्यांच्याकडं वळली.

"खाली उतरा. हातोडा हातात घेऊन, न पडता एक गिरकी मारून दाखवा. मग हसा."

कुणी उतरलं नाही. तिसरी फेक लांब गेली. ती बाई पाचवी आली आणि जिंकल्यासारखे हात उंचावून निघाली. झुलीखा कठड्याशी धावली. त्या बाईनं तिचा फाटलेला तळहात उलटासुलटा पाहिला, कुठं फेकतेस विचारलं आणि सगळं ऐकून म्हणाली, "परवानगी मागत बसू नकोस. मी मागितली होती. चार वर्षं गेली माझी."

परतल्यावर शनिवारी सकाळी आठला झुलीखा हातोडा, फावडं आणि बादलीभर माती घेऊन मैदानावर गेली. हाज कद्दूर येऊन मधोमध उभे राहिले. माणूस समोर असताना फेकता येत नाही. ते म्हणाले, "घरी जा, पोरी. मी हलणार नाही."

"मीही नाही," झुलीखा म्हणाली.

पाच तास दोघं उन्हात उभी होती. खैरा दोघांनाही पाणी देत होती. मुलं जमली. शेवटी गोलकीपर इलियास हाजना म्हणाला, "काका, सावलीत चला. किती लांब जातो ते बघू तरी." दुपारची अजान झाली तेव्हा हाज नमाजाला गेले, आणि झुलीखानं फेकला. इलियासनं पावलं मोजली, बावन्न भरली. तिनं जाऊन खड्डा बुजवला, माती पायानं दाबली आणि पुन्हा फेकला.

हाजनी नगरपालिकेकडं तक्रार केली. तिला नोटीस आली. ती तरीही जात राहिली. मुलांनी जुन्या गोलजाळ्या जोडून तिच्याभोवती पिंजरा उभा केला. पुढच्या वर्षी आणखी तीन मुली आल्या आणि या वसंतात ती देशाच्या ज्युनिअर स्पर्धेत तिसरी आली. हाज कद्दूर अजून तिच्याशी बोलत नाहीत. ती मात्र रोज सकाळी त्यांच्या दारावरून जाताना, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा सलाम करते.