गाडीमामांची चुन्याची बादली

अर्धी वाट चालून झाली, तोवर मामांनी चार वेळा मागे वळून पाहिलं होतं. वरच्या वस्तीवर लस द्यायची आहे, अशी थाप मारून मी त्यांच्यासोबत निघाले होते. देव मला क्षमा करो. पण ज्या वाटेनं हा माणूस रोज गाडी हाकतो, तिथून सुट्टीच्या दिवशी झाकलेली बादली घेऊन पायी का जातो, ते मला बघायचंच होतं.

मी दवाखान्यातली नर्स, ते ड्रायव्हर. एकवीस वर्षं एकच जीप. चिखल आला की मामा खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या चकत्या हातानं फिरवायचे, मग आतला दांडा ओढायचे. चारही चाकं जोर लावायची आणि गाडी बाहेर. ते चकत्या फिरवेपर्यंत मी देवाचं नाव घ्यायची. एकदा मामा रजेवर असताना बदली ड्रायव्हरनं चकत्या न फिरवता नुसताच दांडा ओढला. गाडी ओढ्यात रुतली आणि अडलेल्या बाईला खाटेवर घालून आणावं लागलं. बाई वाचली, मूल नाही.

असा हा माणूस. पण हल्ली दवाखान्यातला चुना कमी होत होता. आणि मामा चकती बघून नव्हे, चाचपून फिरवत होते. गावात कुणी म्हणे बाटल्या लपवतो, कुणी म्हणे दुसरं घर आहे.

"बादलीत काय आहे, मामा?"

"नाग आहे. घाला हात."

वळणावर ते थांबले. झाकण काढलं, कडेच्या दगडांना पांढरा चुना फासू लागले.

"नव्या माणसाला वाट कळावी म्हणून," ते म्हणाले.

"नवं माणूस येतंय कुठं इथं?"

मामा पुढचा दगड चाचपू लागले. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी रस्त्याकडे बोट केलं. रस्ता पार रिकामा होता.

"समोरून कोण येतंय हो?"

मामांनी डोळे बारीक केले. "असेल कुणी गुराखी."

"रस्ता रिकामा आहे, मामा," मी म्हणाले. ते काय समजायचं ते समजले. बादली ठेवून तिथंच खाली बसले.

"कधीपासून?"

"वर्ष होईल. शहरात दाखवलं. आता चष्म्यानंही भागणार नाही म्हणाले."

"आणि तशीच गाडी चालवता? माणसं बसतात, मामा!"

"पांढरं तेवढं दिसतं मला. मी उतरलो तर ओढ्यापलीकडे कोण जाणार? तो दांडेवाला?"

मला राग आला, आणि ती खाटेवरची बाईही आठवली.

मामांनी चुन्याचे हात धोतराला पुसले. "ताई, सोमवारी ड्रायव्हरांचे डोळे तपासायचेत. अक्षरांचा तक्ता तुमच्याच ताब्यात असतो. खालच्या दोन ओळी माझ्याकडून आत्ताच पाठ करून घ्या."