तिसऱ्या जिन्याचं मीठ

तोक्तोसुन आके बसत नाहीत. आमच्या नारीन शहरात माणसाची ओळख बापाच्या नावानं देतात; यांची देताना लोक आधी हे सांगतात. चहा उभ्यानं, नान चालता चालता, आणि लग्नाच्या जेवणातही ते दारापाशी घुटमळत असतात. त्यांच्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं यांचं नाव ठेवलं ते ‘हा तरी थांबू दे’ अशा अर्थाचं. नाव त्यांनी जगण्यापुरतं पाळलं.

वय त्र्याहत्तर, म्हणून सगळ्यांचे ‘आके’, म्हणजे थोरले भाऊ. काम कालीपा एजेच्या, म्हणजे कालीपाताईच्या, क्रशरवर. शहराच्या टोकाला पूर्वी एक कारखाना होता, तिथं काँक्रीटच्या आख्ख्या भिंती ओतायचे. भिंती गाडीवर घालून न्यायच्या, एकावर एक रचायच्या, झाली इमारत. त्याच आवारात आता एजेनं क्रशर बसवलाय आणि त्याच भिंती गाडीवर घालून परत येतात. तरुणपणी आके इथं पाळीचे मुकादम होते. आता ते पाडलेल्या भिंतींतून सळया उपसतात आणि हातोड्यानं सरळ करतात. एकदा मी म्हटलं, “आके, आयुष्यभर एकच काम केलंत की. निम्मं सुलट, निम्मं उलट.” हातोडा न थांबवता ते म्हणाले, “आणि तू काय करतोस, विद्वाना?”

मी पाणी मारतो. शिक्षण तंत्रशाळेचं, हुद्दा प्रयोगशाळेचा, पण दिवसभर हातात पाइप. जुन्या काँक्रीटची खडी भारी तहानलेली असते. आदल्या दिवशी तिला पोटभर पाजलं नाही, तर ती नव्या मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल साच्यात जायच्या आधीच आखडतो. उरलेल्या वेळात मी काँक्रीटचे ठोकळे पाडतो, अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडतो, आणि आकडा चांगला आला की एजेकडे पळतो. वाईट आला की चालत जातो.

गेल्या ऑक्टोबरात चौदा नंबरची इमारत पाडत होते. चार मजले, चार जिने; जिना म्हणजे नुसत्या पायऱ्या नव्हेत, त्यावरची सगळी घरंही. तिची खडी नव्या बालवाडीला जायची होती. पहिल्या दोन जिन्यांचे ठोकळे झकास निघाले आणि त्या खडीत पाया भरून झाला. राहिले होते खांब, आणि एजेला खांबांपेक्षा थंडीची काळजी जास्त. आमच्याकडे एकदा रात्रीचं पाणी गोठायला लागलं की एप्रिलपर्यंत हात खिशात. एजे सकाळ-संध्याकाळ आकाशाकडे असं बघायची, जणू ते बिलंदर गिऱ्हाईक आहे.

तिसऱ्या जिन्याच्या भिंती क्रशरमधून निघाल्या त्या सकाळी आकेंचा हातोडा थांबला. त्यांनी ढिगाभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग एक तुकडा उचलला, इकडंतिकडं पाहिलं आणि चाटला.

“आके, घरी नाश्ता मिळाला नाही का?” मी पाइप ओढत विचारलं.

“यावर पाणी मारू नकोस.”

“का?”

त्यांनी दुसऱ्या जिन्याच्या ढिगातला एक तुकडा चाटला, थुंकले, परत याच्याकडे आले. “हा खारट आहे.”

“खिशातलं कुरुत किती खाल्लंत सकाळपासून?” कुरुत म्हणजे खारवून वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या. आकेंच्या खिशात त्या कायम खुळखुळतात.

ते हसले नाहीत. “ही खडी सळईच्या खांबांत जाणार?”

“परवा.”

मग दिवसभर त्यांचं जे चाललं ते बघवेना. फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. कप भरून घ्यायचा, सळयांवर ठेवून विसरायचा. एजेच्या खोलीच्या दारापाशी दोनदा टोपी काढली आणि दोनदा घालून परतले. सळया मात्र मलाही दिसत होत्या. पहिल्या दोन जिन्यांच्या तपकिरी पण धडधाकट होत्या. या जिन्यातल्या खाऊन खाऊन बारीक झालेल्या, वाकवल्या की कटकन मोडत होत्या. मला त्याचं नवल वाटलं नाही. तिसरा जिना गळतो हे गावाला ठाऊक होतं, आणि ते गावाला सांगितलं होतं आकेंनीच.

ते त्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर राहायचे. वर चौथ्यावर असानअली, म्हणजे आमच्या कालीपा एजेचे वडील. आकेंच्या छतावर गंजाचे ओघळ यायचे, आणि एकदा तर छताचा तुकडा थेट रश्श्याच्या पातेल्यात पडला. “वरचा पाइप गळतो,” असं आके वीस वर्षं जिन्यात उभे राहून सांगत होते. दोन्ही घरांनी एकमेकांच्या लग्नांना जाणं सोडलं. असानअली गेले तेव्हा आके मयतीला आले, मूठभर माती टाकली आणि कुणाशी न बोलता परतले. तरी एजेनं त्यांना कामावर घेतलं. “हात चांगला आहे म्हणून ठेवलंय,” ती म्हणायची, “माया आहे म्हणून नव्हे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आके आत शिरले. मी तिथंच नोंदी करत होतो. टोपी त्यांच्या हातात होती.

“कालीपा, तिसरा जिना खांबांत घालू नकोस. त्यात मीठ आहे.”

“आके, उद्या माल ओतायचाय. आता चाटत बसू?”

“जुनं काँक्रीट मजबूत आहे, एजे,” मी मधेच बोललो. “ठोकळे उत्तम निघतील.”

आके माझ्याकडे वळले. “तुझ्या ठोकळ्यात सळई असते?”

नसते. मीठ काँक्रीटचं फारसं वाकडं करत नाही, ते सळई खातं. हे पुस्तकात होतं. त्या पानावर मी ‘परीक्षेला येत नाही’ असं लिहिलं होतं.

“पण मीठ आहे हे तुम्हाला कसं माहीत?” एजेनं विचारलं.

“मीच घातलंय.”

एजेनं हातातला फोन टेबलावर ठेवला.

“एक्याऐंशीचा जानेवारी,” आके भिंतीकडे बघत म्हणाले. “उणे चौतीस. साचे तापवणारा बॉयलर फुटला होता. ओतलेला माल साच्यातच गोठत होता. गुरांसाठी कोचकोरच्या खाणीतून आलेलं मीठ आवारात पडलं होतं. पाण्यात टाकलं की गोठत नाही. तीन आठवडे फावड्यानं टाकलं. आख्खा तिसरा जिना.”

“कुणी सांगितलं टाकायला?”

“कुणी नाही. सगळ्यांना घाई होती. काम वेळेत झालं म्हणून मला प्रशस्तिपत्र मिळालं. आणि घर मिळालं, त्याच जिन्यात.”

मग एजे हळू म्हणाली, “मग आमचा पाइप?”

“गळत नव्हता.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“तुकडा पातेल्यात पडला तेव्हा. वर चढून सळई पाहिली.”

“त्यानंतरही तुम्ही जिन्यात ओरडत होतात.”

“हो.”

“बाबांनी तीनदा पाइप बदलला, आके. तिसऱ्यांदा कमरेत लचक भरली, दोन महिने उठले नाहीत.”

“माहीत आहे,” आके म्हणाले. “खाली ऐकू यायचं.”

एजे उठली, खिडकीपाशी गेली, आकाश पाहिलं, परत आली. “विद्वाना, शाळेतल्या रसायनच्या बाईंकडं जा. मीठ ओळखायचं औषध असतं त्यांच्याकडं. नुसत्या जिभेच्या भरवशावर मी खांब थांबवणार नाही.”

मी पळत गेलो. बाईंनी बाटली दिली आणि माझ्या जुन्या मार्कांची आठवणही करून दिली. दोन पेल्यांत दोन जिन्यांच्या खडीचं पाणी घेतलं, थेंब टाकले. दुसऱ्या जिन्याचं जरासं धुरकटलं. तिसऱ्याचं दुधासारखं पांढरं फटक झालं.

“चौथा जिना?” एजेनं आकेंकडे न बघता विचारलं.

“तो मार्चमधला. बॉयलर दुरुस्त झाला होता.”

त्याचीही परीक्षा झाली. आके खरं बोलत होते. मग पाच दिवस आम्ही चौथा जिना असा पाडला, की कुत्रंही त्या बाजूला फिरकेना. आके खडू घेऊन गाड्यांच्या पुढं पळत होते आणि तिसऱ्या जिन्याच्या प्रत्येक तुकड्यावर फुली मारत होते. तो माल बालवाडीच्या फाटकापुढच्या पायवाटेत गेला. तिथं सळई नाही, मिठाला खायला काही नाही. खांब ओतले त्या रात्री पारा शून्याच्या जेमतेम वर राहिला.

खांब ओतल्यावर चौथ्या दिवशी, मी त्यांच्यावर पाणी मारायला निघालो असताना, एजे आकेंना म्हणाली, “माझ्या बापाला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही.” आणि टँकरची चावी माझ्याकडे फेकली.

टेकडीवरच्या कबरस्तानात वारा सुटला होता. असानअलींच्या कबरीपुढं आके उभे राहिले. “पाइप गळत नव्हता,” ते म्हणाले, आणि थांबले, वरून काही उत्तर येतंय का ते ऐकल्यासारखे. मग कुराणातलं म्हणायला ते खाली उकिडवे बसले. तसं बसूनच म्हणायचं असतं. म्हणून झालं तरी उठले नाहीत.

मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होतो. खाली शहरात ऊन खांबांवर आलं होतं.

“आके, पाणी मारायचंय. सुकतील.”

“मग जा की,” ते म्हणाले. “तुला कुणी धरलंय.”