घरात राहणाऱ्या माणसांची संख्या

तीस वर्षं मी रत्नागिरीतल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. लोकसंख्येचा धडा दरवर्षी यायचा. एकूण माणसं भागिले क्षेत्रफळ म्हणजे घनता, हे मी इतक्या वेळा लिहिलं की शेवटी शेवटी मुलांकडे तोंड ठेवून, फळ्याकडे न बघताच लिहायचो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, आमचे बाबा आणि दोन्ही काका मुंबईला असतात. त्यांना कुठल्या क्षेत्रफळात धरायचं?" वर्ग हसला. मी म्हणालो, "परीक्षेत हे विचारत नाहीत, पुढे लिहा." त्या उत्तराची लाज वाटायला मला निवृत्त व्हावं लागलं.

आमचं गाव शहरापासून बसने तासाभरावर. गाव म्हणजे काय, पाच वाड्या. एक खाडीकाठी, दोन उतारावर, एक वर कातळावर, आणि आमची वाडी त्या कातळाच्या पलीकडे. एका वाडीतून हाक मारली तर दुसरीत ऐकू जाते, पण चालत जायला अर्धा तास लागतो, कारण मध्ये पऱ्या आहे, म्हणजे ओढा, आणि तो ओलांडायला साकव नाही. पावसाळ्यात एवढं पाणी पडतं की भिंतींना शेवाळ धरतं, आणि एप्रिलात टँकरची वाट बघत हंडे रांगेत. असला भूगोल ज्याने कुणी आखला त्याला एकदा मे महिन्यात आमच्याकडे राहायला बोलवावं. खाली किनाऱ्याच्या रस्त्यावरून आरे-वारेला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या दिवसभर पळत असतात. त्या आमच्यासाठी थांबत नाहीत. आमच्यासाठी सकाळी साडेसहाला एक बस निघायची आणि संध्याकाळी तीच परत यायची.

गेल्या एप्रिलात एसटीच्या आगारातून एक तक्ता आला. या मार्गावर बस ठेवायची की नाही ते ठरवायचं होतं. रकाने साधे होते : घराचा मालक, घरात राहणाऱ्या माणसांची संख्या, त्यात विद्यार्थी किती, घरात वाहन आहे का. प्रत्येक वाडीने आपापला भरायचा. आमच्या वाडीचा माझ्याकडे आला, कारण मास्तर म्हटलं की कागद त्याच्याकडेच येतो.

तो आठवडा जयंतीचा होता. आमच्या वाडीतले मुंबईकर जयंतीला येतात, वरच्या वाड्यांमधले शिमग्याला आणि गणपतीला. एरवी कुलूप असलेली घरं उघडली होती, विहारापुढे मांडव होता, माझ्याही घरी बंगळुरूहून मुलगा, सून आणि नातू आले होते. पाच पानं वाढलेली बघून मी माझ्या नावापुढे पाच लिहिलं. घरोघरी तेच झालं. कुणी खोटं बोललं नाही. घरात किती माणसं असं विचारलं की आमच्याकडे जो या घरचा आहे तो मोजतात, मग तो नालासोपाऱ्यात असो नाहीतर दुबईत. वरच्या वाड्यांमध्ये तर त्या आठवड्यात घरं रिकामी होती, तरी त्यांनीही सगळे मोजले.

जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडली आणि बस बंद झाली.

आमच्या शेजारी मायलेकी राहायच्या. मुलगी बारावीला, वाणिज्य शाखेत. बाप मुंबईत एका कारखान्यात, महिन्या-दोन महिन्यांनी येणार. आई भाताची दोन खाचरं एकटीने सांभाळायची. मुलगी रोज संध्याकाळी माझ्या पडवीत अर्थशास्त्र शिकायला यायची आणि मला न आवडणारे प्रश्न विचारायची, त्यामुळे ती मला फार आवडायची. बस गेल्यावर ती दुसरी गाडी धरायला खाली किनाऱ्याच्या रस्त्यावरच्या तिठ्यापर्यंत चालत जायला लागली. सकाळी एक तास उतरण, संध्याकाळी दीड तास चढण, वर आमचा पाऊस. बापाने फोनवर आईला सांगितलं, "सहामाहीपर्यंत बघतो. बस नाय सुरू झाली तर दोघींनी इकडे यायचं." एका खोलीत ते आधीच तिघे भाऊ राहत होते. मुलगी माझ्यापुढे बसून म्हणाली, "सर, मला नाय जायचं." तेवढंच म्हणाली आणि वही उघडली.

मी आगारात गेलो. साहेब घाटावरचे, बोलायला चांगले. मी तावातावाने सुरुवात केली, त्यांनी चहा मागवला आणि आमचे पाचही तक्ते माझ्यापुढे ठेवले.

"सर, हे तुमच्याच गावानं लिहून दिलंय. चारशे बारा माणसं. आता आमचा वाहक सांगतोय, सकाळी गाडीत चढायचे नऊ. म्हंजे बाकी चारशे लोकांची काहीतरी सोय आहेच की. लहान वस्ती असती, त्या मानानं शिकणारी पोरं जास्त असती, तर वेगळा विचार करता आला असता."

"अहो, ते चारशे तिथे नाहीतच!"

"मग लिहिलं कशाला?"

वरचाच तक्ता माझ्या अक्षरातला होता.

"आणि पलीकडच्या गावात गाडी जातीय की," ते म्हणाले. भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा, एक किलोमीटर."

"मध्ये खाडी आहे, साहेब. होडी चालवायचा त्याची पोरं मुंबईला गेली आणि तो गुडघे धरून घरी बसलाय. रस्त्याने अकरा किलोमीटर पडतं."

साहेबांनी नकाशाकडे पुन्हा बघितलं आणि ते प्रामाणिकपणे म्हणाले की नकाशात होडी दाखवलेली नाही. मी कपाळावर हात मारला. त्यांनी कोरे तक्ते दिले, नीट भरून आणा म्हणाले. घरी येताना माझा राग त्यांच्यावर नव्हता. माझ्या स्वतःवर होता, आणि तो काढायला मला गाव हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी छत्री घेऊन पाचही वाड्या फिरायला लागलो. साधं काम होतं. जो इथे झोपतो तो लिहायचा, जो नाही तो नाही. पण माझ्या नाकी नऊ आले. खाडीकाठच्या एका म्हातारीच्या घरी सहा लिहिलेले होते आणि घरात ती आणि मांजर.

"आजी, मुलगे इथे राहत नाहीत ना?"

"ऱ्हातत नाय म्हंजे? घर त्यांचाच हाय."

"पण असतात मुंबईला."

"कामाला असतत. कामाला गेलेल्या मानसाचा नाव काढतत काय? मेलेल्याचा काढतत."

आमच्या वाडीतला एक गृहस्थ तर भांडायलाच उठला. "सर, पाण्याची टाकी बांधली आपल्या मुंबईकरांच्या मंडळाने. विहाराचा पत्रा बदलला त्यांनी. आणि कागदावरून त्यांनाच उडवायचं?" मी म्हटलं, "अरे, टाकी बसमध्ये बसणार आहे का?" तो म्हणाला, मंडळाला विचारल्याशिवाय होणार नाही, आणि मंडळाची बैठक दिवाळीनंतर. गावात बस हवी की नको हे नालासोपाऱ्यात ठरणार होतं. मी तिथेच ओरडलो. निवृत्त माणसाने एवढं ओरडू नये असं बायको नंतर म्हणाली.

बरं, जे खरंच राहतात त्यांचं काय? आंब्याच्या बागांमध्ये दोन नेपाळी कुटुंबं बाराही महिने आहेत. कलमं तेच राखतात, गवत तेच काढतात, कारण आमच्याकडे हात उरलेले नाहीत. त्यांची पोरं अंगणवाडीत मराठी गाणी म्हणतात. सकाळच्या नऊ प्रवाशांमध्ये तीन तेच असायचे. पाचही तक्त्यांत त्यांच्यातला एकही नव्हता. बागमालकाला विचारलं तर तो खरोखर गोंधळला. "ते कसे लिहायचे? ते इथले नाहीत ना!" पुस्तकात मी शिकवायचो की विकसनशील देशाला लोकसंख्येचा भार पेलत नाही. इथे भार बघायला माणूस शोधावा लागत होता, आणि सापडला तर गाव त्याला मोजायला तयार नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन गावाच्या मूर्खपणाचा पाढा वाचत होतो. बायको तांदूळ निवडत होती. वर न बघता ती म्हणाली, "आपलं लिहिलंत?"

मी तक्ता काढला. आमच्या घरापुढे दोन लिहायचं होतं, बस. पेन घेऊन मी बराच वेळ बसलो. नातू बंगळुरूत जन्मला, इथे कधी आठ दिवसांहून जास्त राहिलेला नाही, त्याला आमचं बोलणंही अर्धंच कळतं. तरी तो आकडा लिहिण्याआधी मी पेनाचं टोपण दोनदा लावलं आणि दोनदा काढलं. म्हातारीला मी कागदाची शिस्त शिकवून आलो होतो आणि स्वतःचं लिहायला मला जेवणवेळ झाली. मी दोन लिहिलं.

सरांनी पोराचं नाव काढलं, ही बातमी बसपेक्षा वेगाने फिरली. सकाळी दोघं जण हळू आवाजात विचारायला आले, भांडण झालं का, जमिनीवरून आहे का. दुपारी मुलाचा फोन. "बाबा, काय झालं? मंडळाच्या ग्रुपवर आलंय." मी सगळं सांगितलं. तो हसला. "मग काढा ना. मी राहतच नाही तिथे." त्याने ग्रुपवरही तेच लिहिलं, आमचीही नावं काढा म्हणून आणखी काहींनी लिहिलं, आणि मंडळाची बैठक न होताच माझं काम झालं. मुलगा बरोबरच बोलला होता. पण त्याने एवढं सहज बोलायला नको होतं.

नवी बेरीज एकशे छत्तीस झाली, नेपाळी धरून. खाडीकाठच्या म्हातारीने शेवटी एक लिहू दिलं, मात्र मी लिहीत असताना ती आत जाऊन बसली. विद्यार्थी सात. मी तक्ते नेऊन दिले, साहेबांनी वर पाठवतो म्हणून सांगितलं. वर म्हणजे कुठे ते विचारलं नाही. जुलै गेला, ऑगस्ट आला. मी दर आठवड्याला फोन करायचो आणि कागद दर आठवड्याला आणखी एका टेबलावर असायचा.

ऑगस्टच्या शेवटी एका संध्याकाळी शेजारची मुलगी उतारावर घसरली आणि मनगट मोडून घरी आली. उजवं मनगट. बाप दुसऱ्या दिवशी आला. सहामाहीपर्यंत थांबायचं ठरलं होतं याची मी आठवण करून दिली, तर तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमचा पोरगा पण तुम्ही इकडे नाय ठेवलात." मला तोंडात मारल्यासारखं झालं. चार दिवसांत घराला कुलूप लागलं. मुलगी आता मुंबईतून, बाहेरून परीक्षेला बसणार आहे. खाचरांतलं भात तसंच उभं होतं, ते पुढे बागेतल्या नेपाळ्यांनी कापलं.

बस सुरू झाली ती कुलूप लागल्यानंतर तीन आठवड्यांनी. पहिल्या दिवशी मी थांब्यावर गेलो. चालकाने हात केला, सहा जण चढले. आनंद व्हायला हवा होता. मला एवढा संताप आला की मी कुणाशी न बोलता घरी आलो.

परवा आगारातून निरोप आला. तक्ता दरवर्षी ताजा करून द्यायचा आहे, बदल असतील ते नोंदवून पाठवा. मी तो घेऊन पडवीत बसलो होतो आणि मुलीच्या आईचा फोन आला. पोरीचं मनगट बरं आहे, खोलीत अभ्यासाला जागा नाही, ती जिन्यात बसते, हे सगळं सांगून झाल्यावर ती घुटमळली.

"सर, एक इचारू? आमची नावं काढलीत काय हो?"

पेन माझ्या हातातच होतं. "नाही," मी म्हणालो.

फोन ठेवला, त्यांच्या घरापुढचा दोनचा आकडा तसाच राहू दिला, विद्यार्थी एक हेही तसंच राहू दिलं, आणि खाली सही केली.