आयर्लंडचे पाच मुद्दे

वर्गात मी नोट्स सांगत असताना कुणी खोकलेलंही मला चालत नाही. तापट आहेच मी. तीस वर्षं सोलापुरात इतिहास शिकवतेय, आणि आमच्याकडं शिकवणं म्हणजे शेवटी लिहून देणं. पुस्तक कुणी विकत घेत नाही. "मॅडम, आयएमपी सांगा की," म्हणून डोकं खातात नुसतं.

एम.ए.च्या पेपरात आयर्लंड होतं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोघांचा देव एक, तरी शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं घर पेटवलं, गल्लीगल्लीत भिंती उभ्या राहिल्या. त्यावर दहा मार्कांचा ठरलेला प्रश्न: राजकीय हिंसेचं समर्थन कोणत्या मुद्द्यांवर केलं गेलं? मी पाच मुद्दे लिहून दिले. अर्ज-मोर्चे करून कुणी ऐकलं नाही. पोलीस आणि सरकार त्यांच्याच बाजूचे. आपल्या वस्तीचं रक्षण आपणच करायचं. सुरुवात समोरच्यांनी केली. आणि पाचवा, काही निरपराध मरतात, पण त्याला इलाज नसतो. पुढं पुस्तकात दीड पान टीका होती. मेलं कोण, मागं राहिलेल्यांचं काय झालं, हातात बंदूक धरलेल्यांपैकी काहींना पुढं काय वाटलं, ते सगळं. मी घड्याळाकडं बघितलं आणि म्हटलं, "हे परीक्षेला येत नाही. घरी वाचून घ्या." पोर्शन राहिला होता ना! घरी कोण वाचतंय, डोंबल.

त्या वर्गात दुधनीकडचा एकजण होता. तिशीचा, लग्न झालेला, ऑफिसात नोकरी करून शिकणारा. अक्षर मोत्यासारखं. त्याच्या त्या उत्तराला मी दहापैकी नऊ दिले आणि खाली 'उत्तम' लिहिलं.

गेल्या वर्षी कुणाच्या तरी मोबाइलवरच्या स्टेटसवरनं शहरात ठिणगी पडली. दुसऱ्या दिवशी बंद. सकाळी चहा पिता पिता माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप उघडला, तर त्यात एक लांबलचक मेसेज. पहिलं वाक्य वाचलं आणि हातातला कप तसाच राहिला. पाच मुद्दे. माझेच, त्याच क्रमानं. आयर्लंड काढून तिथं आपलं शहर घातलं होतं, आणि खाली त्या मोत्यासारख्या अक्षरवाल्याचं नाव.

त्याला फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, कट केला.

सात रस्त्याच्या अलीकडं माझं घर, पहिल्या मजल्यावर. खाली एका मुसलमान टेलरमास्तरांचं दुकान, वीस वर्षं माझे ब्लाऊज तेच शिवतात. बंद असूनही मास्तर सकाळी आले होते. गिऱ्हाइकांचे कपडे गाठोड्यात बांधून घरी न्यायचे म्हणून. दहाच्या सुमाराला चौकातनं आरडाओरडा ऐकू आला आणि त्यांनी शटर आतनं खाली ओढलं. त्याचा आवाज मी वर ऐकला. मग मी चपला न घालताच खाली उतरले. कशाला उतरले, देवाला ठाऊक.

वीस-पंचवीस जण आले. पुढं तोच होता. मला बघितलं, थांबला, आणि सगळ्यांदेखत वाकून माझ्या पाया पडला.

"मॅडम, तुमी वर जावा. हितं थांबू नका."

"हे काय चाललंय तुझं?"

"आत कोण हाय?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्यानं शटरच्या खालच्या कडीकडं बघितलं. "मग भायेरनं कुलूप कुटं हाय?"

तेवढ्यात मागच्या एकानं बाटली उपडी केली, दुसऱ्यानं काडी ओढली. पायरीवरच्या लाकडी फळीनं भपकन पेट घेतला आणि शटर काळं पडायला लागलं. आतनं मास्तरांच्या खोकल्याचा आवाज आला.

"अरे, आत माणूस आहे! मरेल रे तो!" मी किंचाळले.

तो हळूच म्हणाला, "मॅडम, तुमीच लिहून दिलंय की. काही निरपराध मरत्यात. त्याला इलाज न्हाय."

टोमणा नव्हता तो. रागही नव्हता. तोंडी परीक्षेत बरोबर उत्तर देणारं पोर बाईंकडं बघतं तसं बघत होता. त्या नजरेची मला आगीपेक्षा जास्त भीती वाटली.

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळं घरोघरी पिंपं भरलेली. मी जिन्यातनं "पाणी, पाणी" ओरडत सुटले. शेजारणीनं गॅलरीतनं बादल्या ओतल्या, मी जिन्याखालचं पिंप लोटलं. पोलिसांच्या गाडीचा सायरन वाजला आणि सगळे पांगले. तो जाताना म्हणाला, "सांभाळून, मॅडम." काळजीनं म्हणाला हो!

पोलिसांनी काठ्यांनी शटर वर केलं. मास्तर बाहेर आले ते भिंत धरत. आतनं शटर उचलायला गेले होते, दोन्ही तळहातांची कातडी सुटली होती. जीव वाचला होता.

हवालदारानं वही काढली. "मॅडम, तुम्ही इथंच होता ना? कुणाला ओळखलंत?"

नाव जिभेवर होतं. पण त्याला माझं घर माहीत होतं. आणि उद्या त्यानं माझ्या नोट्सची वही पुढं केली तर? खरं सांगते, त्या क्षणी मास्तरांच्या हातांचा विचार माझ्या मनात नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "कुणालाच नाही."

हवालदार मास्तरांकडं वळला. शटरला मधोमध बोटभर रुंद फट आहे. आतनं मास्तरांनी सगळं बघितलेलं असणार, तो माझ्या पाया पडला तेसुद्धा. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं, मग नजर खाली घातली आणि भाजलेले हात जोडले. हवालदाराला नाही, मला.

"मैं भी किसकू नै पैचाना, साब," ते म्हणाले. "मॅडम बोलरे वो सच है."