तुरुंग मागणाऱ्या गावातला बाक

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. बँकेत जोखीम तपासण्याचं काम करतो. असे अनुभव सांगणाऱ्यांची मी टरच उडवत आलो... आज स्वतः लिहायला बसलोय.

२०१६. सिंगापूर, बुकित तिमाहमधला आमचा काँडो-फ्लॅट, रविवारची दुपार. मुलगी सई हिने अमेरिकेतल्या कुठल्याशा कॉलेजगावात प्रवेश घेतला होता, एका घरात खोलीही ठरवली होती. लॅपटॉपवर ती ऑनलाइन नकाशातले तिथल्या रस्त्यांचे फोटो दाखवत होती.

“बाबा, हिस्टरी ऐक ना. सरकारने विचारलं, तुरुंग हवा की कॉलेज? गावाने तुरुंग मागितला! तो शेजारच्या गावाने पळवला, म्हणून यांना कॉलेज.”

“दिसतंयच. एक मेन स्ट्रीट, दोन चर्च, एक पिझ्झावाला, भोवती मका. सुट्टी लागली की कुत्रंही उरत नसेल. इथे लोकांना काय नाव सांगू मी?”

“डोन्ट टेल देम, ला,” ती इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

“सोडायलाही येणार नाही. त्या खेड्यात मी पाय ठेवणार नाही!”

सईने पुढचा फोटो उघडला — तिचं होणारं घर. पोर्चवर बाक, बाकावर एक माणूस. नकाशावाले करतात तसा चेहरा धूसर केलेला. निळा चौकड्यांचा शर्ट, मांडीवर बॅग, पाय घोट्याशी एकमेकांवर टाकलेले... मी बसतो तसेच.

माझी बायको मंजिरी वाकून म्हणाली, “अहो, हे तर तुम्ही!”

“याच्या खिशाला लाल दोऱ्याचे टाके आहेत. माझ्या आहेत का?” तसाच शर्ट माझ्या अंगात होता, खिसा धड. मी हसलो. फोटोवरची तारीख चार वर्षांपूर्वीची, आणि अमेरिकेत मी कधीच गेलेलो नाही.

सई एकटी गेली. फोन यायचा तो फक्त आईला. मी शेजारी बसून ऐकायचो.

दिवाळीच्या आधी त्याच शर्टाचा खिसा कपाटाच्या कडीत अडकून फाटला. संध्याकाळी ऑफिसातून आलो तर मंजिरीने शिवून ठेवला होता. लाल दोऱ्याने.

“निळा संपला होता हो,” ती म्हणाली... आणि बोलता बोलता थांबली.

आम्ही फोटो उघडला. टाका न् टाका तोच.

कॅमेरा, उजेड, दुसऱ्या कुणाचा तसाच शर्ट — सगळे तर्क करून झाले. एकही टिकत नाही. तिथलं तिकीट काढलंय. शर्ट बॅगेत आहे. सईला कळवायचं धाडस झालेलं नाही. त्या गावाबद्दलचं माझं मत काही फार बदललेलं नाही, खोटं कशाला बोलू! पण फोटोत बाकामागचं दार बंद आहे. ते उघडतं की नाही, तेवढंच दिसत नाही.