आंबिलीच्या बिंदगीला बेल्ट

आमच्या मामेसासऱ्यांइतका मोटारवेडा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही आणि माझ्याइतका गोंधळलेला जावईही. उदगीरला त्यांच्या दारात दोन गाड्या. एक काळी विलायती, त्यांच्या वडिलांनी कुण्या जहागीरदाराकडून घेतलेली. दुसरी मुलानं यंदाच आणलेली पांढरी, तीही महागामोलाची. जुनीला मामा ‘बाईसाहेब’ म्हणत, चपला बाहेर काढून तिच्यात बसत. नवी नुसतीच ‘ती’. पण पत्र्याच्या शेडात गाडी मावायची एकच. नवी लिंबाखाली कावळ्यांच्या तावडीत, म्हणून मुलानं जुनीला हैदराबादचं गिऱ्हाईक बघितलं. ते येळवशीच्या, म्हणजे शेतात जेवायला जायच्या अमावस्येच्या, दुसऱ्या दिवशी यायचं होतं. त्याआधी कोणती ठेवायची याचा निवाडा मामांनी माझ्यावर सोपवला. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून मी निःपक्षपाती, असं त्यांचं म्हणणं.

परीक्षाही त्यांनीच काढली. येळवशीला आंबिलीची बिंदगी, म्हणजे छोटी घागर, न सांडता जी शेतात नेईल ती श्रेष्ठ. भल्या सकाळी भरली बिंदगी बाईसाहेबांत ठेवली. बाईसाहेब खोकल्या, थरथरल्या आणि गप्प झाल्या. मारुतीच्या देवळापर्यंत आम्ही ढकललं, माझा नवा सदरा काळा झाला, मग तेवढंच उलटं ढकललं. बिंदगी नवीत गेली, तीही पुढच्या सीटवर, मानाची म्हणून. नवीला वाटलं माणूसच बसलंय. ती टँव टँव करायला लागली. शेवटी मामांनी बिंदगीला बेल्ट लावला तेव्हा कुठं गप्प बसली. मुलानं गाडी हाकली, शेतापर्यंत थेंब सांडला नाही. वाटभर मामा नवीचीच तारीफ करत होते, त्यामुळं निकाल उघड होता. तरी त्यांचा चेहरा का उतरलाय, ते काही मला उमगेना.

परतल्यावर निकाल सांगायला गेलो तर मामा शेडात, बाईसाहेबांत, डोळे मिटून. हात मात्र एकेका बटणावरून फिरत होता.

“जावईबापू, त्या नवीतलं समदं काचंवर हाय, बटण एक न्हाई,” ते म्हणाले. “मला आता काचंवरचं दिसत न्हाई. हितं हात लावला की कळतंय. ह्यो दिवा, ह्यो भोंगा. पोराला बोलू नका, शेतात एकटं जाऊ द्यायचा न्हाई मला.”

दुसऱ्या दिवशी हैदराबादवाल्यासमोर मी निकाल दिला: जुनी राहील. कारण काय, मुलानं विचारलं. बिंदगीला माणूस समजणारी गाडी शेडात नको, असं मी ठणकावून सांगितलं. त्यानं माझ्याकडं अशी नजर टाकली की विचारू नका, पण घरच्या जावयाचा शब्द मोडवेना त्याला. नवी अजून लिंबाखालीच आहे.

आता उदगीरला गेलो की मामा माझी चाहूल ओळखतात आणि शेडातून भोंगा वाजवतात. मी चपला काढून शेजारी बसतो. बाईसाहेब काही जागच्या हलत नाहीत. मामा चाक धरून बसतात, वळणं घेतात, मग म्हणतात, “कंधार आलं बघा. किल्ला दिसतोय का?”

मी समोरच्या पत्र्याकडं बघतो आणि दिसतोय म्हणतो.