वीतवीत वर चढलेले पोपट

लेकीच्या क्लासच्या काचेवर नाव अर्धंच चिकटवलेलं दिसलं, म्हणून वॉचमनला सहज विचारलं. "उस्मानचाचा गेले की, ताई. आठ दिस झाले," तो म्हणाला... काम अर्धं टाकून चाचा कधी चहालाही उठत नसत. मी तिथंच पायरीवर बसले. "आई, लोक बघतायत," लेक म्हणाली. बघू देत म्हटलं.

लातुरात चाचांचं मूळ काम ट्रान्स्फरचं. लोखंडी कपाटं, लग्नातल्या पेट्या, हौशी लोकांच्या भिंतीसुद्धा. छापील चित्र ताटातल्या पाण्यात भिजवायचं, कागदावरून सुटलं की हलकेच सरकवून बसवायचं, ओल्या फडक्यानं दाबायचं. भूकंपानंतर किल्लारीकडच्या आमच्या गावाला नवी घरं मिळाली ती सगळी एकसारखी, निळ्या पत्र्याच्या दारांची. माणसं दुसऱ्याच्याच घरात शिरायची. हे ऐकून चाचा पिशवीभर चित्रं घेऊन एसटीनं आले आणि दारोदार वेगवेगळी लावत सुटले, तीही फुकट.

आमच्या घराची गोष्ट निराळी होती. भूकंपात जुन्या घराचं माळवद, ते मातीचं जड छत, माझ्या धाकट्या भावावर, बाळूवर, पडलं आणि तो गेला. तेव्हापासून आईनं मान वर करणंच सोडलं होतं. नव्या घराच्या स्लॅबखाली ती पाऊल टाकेना. अंगणात कुडाचं खोपटं घालून तिथंच रांधायची, तिथंच निजायची, कुशीवर, तोंडावर पदर घेऊन. खाली बघत शेतातून यायची आणि भलत्याच अंगणात जाऊन उभी राहायची.

चाचांनी सगळ्यांची चित्रं डोळ्यांसमोर येतील अशी लावली. आमच्या दाराशी मात्र उकिडवे बसले आणि पोपट पार खाली, उंबऱ्याला लागून चिकटवला. मी तेव्हा आठवीत, भारी तोंडाळ. "आमचंच खाली कामून हो चाचा? कोंबड्यांनी बघायला?"

ते हसले. "तुझी माय कुठं बघून चालती, ते बघ की आधी."

दोन दिवसांत आई न चुकता आमच्या अंगणात येऊ लागली. त्यानंतर चाचा दर दोन-तीन महिन्यांनी यायचे, आधीच्या पोपटाच्या वीतभर वर आणखी एक लावायचे आणि निघून जायचे. छातीएवढ्या उंचीवर पोपट आला त्या दिवशी आईनं प्रथमच त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. "भाऊ, च्या घेता का?"

"साखर जरा जास्ती टाका, आपा," ते म्हणाले. मी आत जाऊन रडले.

पोपट चौकटीच्या माथ्याला टेकले, तरी आई घरात काही गेली नाही. चाचा हरले, असं मला वाटलं.

पुढं लेकीच्या क्लाससाठी आम्ही लातुरात खोली केली, तोवर ट्रान्स्फरला कुणी विचारत नव्हतं. चाचा क्लासवाल्यांच्या काचांवर अक्षरं चिकटवायचे. भेटले की म्हणायचे, "इतक्या क्लासची नावं लावली पोरी, पर गणित एक आलं न्हाई!" घरी या, असं दरवेळी सांगायचे. मी दरवेळी हो म्हणायचे आणि जायची नाही. याची लाज आता कुठं ठेवू?

आईला फोन केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच जीपनं हजर. चाचांचं घर दुसऱ्या मजल्यावर. आई काही आत यायची नाही, म्हणून मी चाचींना बाहेर गॅलरीत बोलवायला निघाले, तोवर ती माझ्या अंगावरून सरळ आत गेली. दोघी गळ्यात पडून रडल्या. मग आई म्हणाली, "भाभी, जरा पडते." फरशीवर उताणी झाली, तोंड उघडं, डोळे वर स्लॅबकडं... कितीतरी वेळ.

घाबरून मी तिचे पाय दाबायला बसले. "राहू दे," ती म्हणाली. "बाळूचं झाल्यापासून पाठ टेकली न्हवती."